खारपाणपट्ट्यातील तहान आणि अँजिओटेन्सिनचा दुहेरी अधिकार

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. उत्तरेस डोंगर व अंबाबरव्याचे अरण्य. दक्षिणेस पूर्णा नदीकडे उतरत जाणारी काळी जमीन. डोंगरालगतच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात पाणी खोल लागते, पण ते बहुधा गोड असते. पूर्णेकडे सरकावे तसतसे विहिरींचे पाणी खारे होत जाते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या ह्या प्रदेशास वऱ्हाडात खारपाणपट्टा असे म्हणतात. सोनाळा त्याच्या उत्तर कडेवर आहे. म्हणजे गोड्या आणि खाऱ्या पाण्यातील भेद ज्यांस जिभेवरून कळतो अशा लोकांचे ते गाव. त्या बाजूस तहानेविषयी एक वाक्य प्रस्तुत लेखकाच्या कानी अनेकदा पडले आहे : खाऱ्या पाण्याने पोट भरते, तहान जात नाही.

हे वाक्य शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेऊ नये. परंतु त्याचे जे स्पष्टीकरण आपले पदव्युत्तर विद्यार्थी तोंडी परीक्षेत देतात तेही जसेच्या तसे मान्य करता येत नाही. ‘तहान अँजिओटेन्सिनमुळे लागते, अँजिओटेन्सिन हे रक्तातील संप्रेरक असून मेंदूत ते चेतापारेषक म्हणूनही कार्य करते’ असे ते उत्तर असते. ह्या एका वाक्यात तीन विधाने गुंफलेली आहेत. त्यांपैकी पहिले अर्धे खरे आहे, दुसरे पूर्ण खरे आहे, आणि तिसरे अद्याप वादग्रस्त आहे. क्रमिक पुस्तके मात्र तिन्ही विधाने एकाच निःशंक स्वरात सांगतात. तिसऱ्या विधानास आधार किती, तो कोठे भक्कम आणि कोठे उसना आहे, याचे परीक्षण येथे योजिले आहे. न्यूरोट्रान्समीटर ह्या शब्दासाठी लेखनात चेतापारेषक, किंवा संक्षेपाने पारेषक, हा शब्द वापरला आहे. प्रयोगशाळेत बोलताना आपण सारेच इंग्रजी शब्द वापरतो, हे कबूल करण्यास संकोच नसावा.

प्रथम दुसऱ्या, म्हणजे निर्विवाद, विधानाकडे वळू. १८९८ साली टायगरस्टेड व बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या रक्तात सोडला व रक्तदाब चढल्याचे पाहिले. अर्कातील त्या द्रव्यास त्यांनी रेनिन हे नाव दिले. पुढे सुमारे तीन तपे ह्या शोधाची उपेक्षा झाली. १९३४ साली गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून स्थायी रक्तदाबवृद्धी घडवून आणली, तेव्हा तो जुना अर्क पुन्हा आठवला गेला. रेनिन हे स्वतः रक्तदाब वाढवीत नाही, ते एक एंझाइम असून यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा तोडते, व पुढे त्या तुकड्यापासून प्रभावी द्रव्य बनते, हे १९४० च्या सुमारास ब्वेनोस आइरेस येथील ब्राउन-मेनेंदेझ यांच्या गटाने व अमेरिकेत पेज यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखविले. एकाने त्या द्रव्यास हायपरटेन्सिन म्हटले, दुसऱ्याने अँजिओटोनिन. १९५८ साली उभयतांनी आपापल्या नावाचा अर्धा अर्धा भाग सोडून अँजिओटेन्सिन हे नाव स्वीकारले. शास्त्रीय परिभाषेच्या इतिहासात इतकी सभ्य तडजोड क्वचितच आढळते. (आपल्याकडील परिभाषा-समित्यांच्या सभांस जे बसले असतील त्यांस हे विशेष जाणवेल.)

रेनिन ज्या प्रथिनाचे विदारण करते त्यातून दहा अमिनो आम्लांची साखळी सुटते. तिची दोन अमिनो आम्ले रूपांतरक एंझाइमाने, मुख्यत्वे फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, काढून टाकली की आठ अमिनो आम्लांचे अँजिओटेन्सिन-दोन उरते. येथून पुढे केवळ अँजिओटेन्सिन म्हणताना हेच अभिप्रेत आहे. रक्तात त्याचे आयुष्य एका मिनिटाहूनही कमी असते. अल्पकाळ टिकणारे, परंतु सतत नव्याने घडणारे आणि दूरच्या इंद्रियांवर परिणाम करणारे हे द्रव्य संप्रेरक होय, याविषयी मतभेद नाही.

तहानेशी त्याचा संबंध जुळविला तो केंब्रिज येथील फिट्झसिमन्स यांनी. पांढऱ्या उंदरांची अधोमहाशीर बांधून हृदयाकडे परतणारे रक्त कमी केले असता उंदीर भराभर पाणी पितात. मूत्रपिंडे काढून टाकलेल्या उंदरांत हे पिणे बरेच घटते. मूत्रपिंडे जागच्या जागी ठेवून केवळ मूत्रवाहिन्या बांधल्या तर तितके घटत नाही. म्हणजे कारण मूत्र थांबणे हे नसून मूत्रपिंडातून रक्तात येणारे काहीतरी आहे. १९६९ साली प्रसिद्ध झालेला हा युक्तिवाद वाचनीय आहे. प्रयोगाची आखणी कशी असावी हे शिकविण्यासाठी प्रस्तुत लेखक आजही त्याचा उपयोग करतो. पुढच्याच वर्षी एप्स्टाइन, फिट्झसिमन्स व रोल्स यांनी पाणी पिऊन तृप्त असलेल्या उंदरांच्या मेंदूत अँजिओटेन्सिनची अत्यल्प मात्रा टोचली. उंदीर काही मिनिटांत उठून पाणी पिऊ लागले. प्राण्याच्या एका संपूर्ण हेतुपूर्ण वर्तनाची कळ एका पेप्टाइडाच्या कणभर मात्रेने दाबली जावी, ह्या दृश्याचा त्या काळच्या अभ्यासकांवर किती प्रभाव पडला असेल याची कल्पना करता येते. किंबहुना तो प्रभाव थोडा अधिकच पडला, आणि पुढील गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

कारण ह्या प्रयोगाने एकच गोष्ट सिद्ध होते : मेंदूत कोठेतरी अँजिओटेन्सिनचे ग्राही आहेत आणि ते जागे केले तर तहान लागते. ग्राहींपाशी अँजिओटेन्सिन नेहमी कोठून पोहोचते हे त्यातून कळत नाही. सुईने टोचलेले द्रव्य रक्तातून आले असे मानावे की चेतापेशीच्या टोकातून सुटले असे मानावे, हे सुई सांगू शकत नाही. दारावर थाप पडली म्हणजे घरातील माणूस उठतो एवढे समजले. थाप बाहेरच्याने मारली की आतल्या खोलीतून आली, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

बाहेरच्याने मारली असे म्हणण्यात अडचण अशी की, रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडून अँजिओटेन्सिन आत शिरत नाही. ही अडचण मेंदूतील काही चिमुकल्या जागांनी सोडविली. तिसऱ्या मस्तिष्क-विवराच्या भिंतीवर असलेले सबफॉर्निकल इंद्रिय ही त्यांतील एक. तेथील केशवाहिन्या सच्छिद्र असल्याने हा अडसर तेथे नाही. १९७४ साली फेलिक्स व आकर्ट यांनी मांजराच्या ह्या इंद्रियातील चेतापेशी अँजिओटेन्सिनने उत्तेजित होतात हे नोंदविले. १९७८ मध्ये सिंप्सन, एप्स्टाइन व कामार्डो यांनी, रक्तातील अँजिओटेन्सिनने लागणारी तहान ह्याच इंद्रियावर अवलंबून असते, असे दाखविले. येथवरची कथा सरळ आहे. मूत्रपिंड संदेश पाठविते, रक्त तो वाहून नेते, मेंदूची एक उघडी खिडकी तो स्वीकारते.

आता ह्या खिडकीपासून आत काय जाते? सबफॉर्निकल इंद्रियातील चेतापेशींचे तंतू हायपोथॅलॅमसमधील पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रकाकडे जातात. त्या केंद्रकातील मोठ्या पेशी व्हॅसोप्रेसिन निर्माण करतात व मूत्रपिंडास पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देतात. १९८४ साली लिंड, स्वॉन्सन व गांटेन यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने दाखविले की ह्या तंतूंतच अँजिओटेन्सिनसदृश द्रव्य आहे. १९९३ साली कॅनडातील किंग्स्टन येथील ली व फर्ग्युसन यांनी उंदरांत सबफॉर्निकल इंद्रियास विजेने उत्तेजित केले, पॅराव्हेंट्रिक्युलर पेशींचा प्रतिसाद नोंदविला, आणि अँजिओटेन्सिनच्या ग्राहींचा अवरोध केला असता तो दबतो असे प्रतिपादन केले. निष्कर्ष मोठा मोहक होता. जे द्रव्य रक्तातून येऊन खिडकीवर थाप मारते, तेच द्रव्य खिडकीच्या आतल्या बाजूस पेशीकडून पेशीकडे निरोप पोहोचविते. एकच रेणू बाहेर संप्रेरक व आत पारेषक.

कल्पना इतकी सुघड आहे की ती खरी असावी असे वाटते. नेमक्या अशाच ठिकाणी समीक्षकाने हात आखडता घेतला पाहिजे.

एखाद्या द्रव्यास पारेषक म्हणण्यापूर्वी जे पुरावे मागितले जातात ते लोवी यांच्या १९२१ च्या बेडूक-हृदयाच्या प्रयोगापासून हळूहळू ठरत आले. ते द्रव्य त्या चेतापेशीत तयार व्हावे किंवा निदान साठवले जावे. पेशी उत्तेजित झाली म्हणजे तिच्या टोकातून ते सुटावे. पलीकडच्या पेशीवर त्याचे ग्राही असावेत. बाहेरून दिले असता त्याने तोच परिणाम घडावा. आणि काम झाल्यावर त्याचा निरास होण्याची सोय असावी. अँजिओटेन्सिनच्या बाबतीत ग्राही आहेत, यात शंका नाही. बाहेरून दिले तर परिणाम घडतो, हे वर आलेच. त्यास मोडणारी एंझाइमे मेंदूत विपुल आहेत. अडते ते पहिल्या मागणीपाशी, आणि तेथे फार अडते.

१९८८ साली स्टोर्नेटा व सहकाऱ्यांनी दाखविले की अँजिओटेन्सिनचे पूर्वद्रव्य मेंदूत निर्माण होते खरे, परंतु ते मुख्यत्वे चेतापेशींत होत नाही. चेतापेशींभोवतीच्या ताराकृती आधारपेशींत होते. ह्या एका गोष्टीने सारे चित्र अवघड होते. इतर पेप्टाइड-पारेषकांचे पूर्वद्रव्य चेतापेशीच्या आतच तयार होते, तेथेच त्याचे तुकडे पडतात व पुटिकांत भरून ते टोकाकडे रवाना होतात. येथे पूर्वद्रव्य शेजाऱ्याच्या घरी शिजते. ते पेशीबाहेर सुटले, बाहेरच रेनिनने तोडले, बाहेरच अँजिओटेन्सिन बनले, असे मानले तर तयार झालेले द्रव्य आसपास पसरेल व जवळच्या ग्राहींवर कार्य करील. हे कार्य महत्त्वाचे असेल, पण त्यास चेतासंधीवरील पारेषण म्हणता येणार नाही. चेतापेशीने तयार अँजिओटेन्सिन बाहेरून उचलून पुटिकांत भरले, असे मानावे तर त्या उचलण्याचा स्वतंत्र पुरावा हवा. काही चेतापेशींत पूर्वद्रव्य थोड्या प्रमाणात असावे असेही दावे झाले आहेत. तथापि त्यांवरून संपूर्ण मार्गाची उभारणी करणे धाडसाचे ठरेल.

मग १९८४ च्या तंतूंत दिसले ते काय? प्रतिपिंड हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. पेप्टाइडाच्या एका लहान तुकड्यास ओळखणारा प्रतिपिंड तशाच दुसऱ्या तुकड्यासही चिकटू शकतो. अँजिओटेन्सिनच्या ग्राहींविरुद्ध बाजारात मिळणाऱ्या प्रतिपिंडांची २०१२ च्या सुमारास कसून तपासणी झाली, तेव्हा ज्या प्राण्यांत तो ग्राही जनुकासह काढून टाकलेला आहे त्यांच्या ऊतींतही ते तसेच चिकटतात असे आढळून आले. ग्राहींच्या प्रतिपिंडांचा दोष पेप्टाइडाच्या प्रतिपिंडांवर लादणे न्याय्य नाही. पण सावधगिरीची मागणी तेवढीच न्याय्य आहे. आपल्या विभागांतील कित्येक प्रबंधांत रंगीत छेद पाहूनच ‘सिद्ध झाले’ असे लिहिलेले आढळते. पूर्वशोषण केलेला नमुना, जनुकरहित प्राण्याचा नमुना, यांपैकी एक तरी शेजारी ठेवलेला नसेल तर अशा छायाचित्रास शोभेपलीकडे मोल नाही.

सर्वांत कठोर हल्ला २०१७ साली रॉटरडॅमच्या फान थील व सहकाऱ्यांनी चढविला. मेंदूचे स्वतःचे रेनिन-अँजिओटेन्सिन तंत्र आहे काय, असा प्रश्नच त्यांनी लेखाच्या शीर्षकात विचारला. त्यांच्या मोजणीप्रमाणे मेंदूच्या ऊतीत सापडणारे रेनिन हे त्या ऊतीत अडकून राहिलेल्या रक्तातील रेनिनाहून अधिक नाही. रेनिन नसेल तर पूर्वद्रव्य तोडणार कोण? मेंदूत जे अँजिओटेन्सिन आढळते ते बहुतांशी रक्तातून येऊन ग्राहींस चिकटलेले असावे, असा त्यांचा रोख आहे. १९७१ साली ब्वेनोस आइरेसच्या संशोधकांनी व गांटेन यांच्या गटाने कुत्र्याच्या मेंदूत रेनिनसदृश एंझाइम सापडल्याचे जाहीर केले होते आणि मेंदूतील स्वतंत्र तंत्राची कल्पना त्यावर उभी राहिली होती. तिच्या पायावरच हा घाव होता.

तरीही हा हल्ला निर्णायक मानावयास प्रस्तुत लेखक तयार नाही. १९९९ साली शिंके व सहकाऱ्यांनी असे उंदीर निर्माण केले की ज्यांच्या मेंदूतील आधारपेशींतच पूर्वद्रव्याची निर्मिती खुंटविली होती. रक्तातील तंत्र शाबूत असूनही ह्या उंदरांचा रक्तदाब उतरला आणि व्हॅसोप्रेसिनच्या अभावी त्यांस बहुमूत्रतेचा विकार जडला. मेंदूत तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनचे काहीच कार्य नसते तर असे होण्याचे कारण नव्हते. शिवाय संपूर्ण मेंदू किंवा त्याचे मोठे खंड वाटून केलेली मोजणी काही शेकडा पेशींच्या एका केंद्रकाविषयी गप्पच बसते. समुद्राच्या पाण्यात साखर सापडली नाही म्हणून किनाऱ्यावरच्या चहाच्या पेल्यात ती नाही, असे म्हणता येत नाही. रॉटरडॅमच्या लेखाने सर्वव्यापी तंत्राची भरमसाट कल्पना खिळखिळी केली, हे त्याचे श्रेय. सबफॉर्निकल इंद्रियापासून निघणाऱ्या एका विशिष्ट मार्गाचा निकाल त्याने लावलेला नाही.

त्या मार्गावर दुसऱ्याच बाजूने एक गुंतागुंत उद्भवली आहे. २०१५ साली ओका, ये व झुकर यांनी उंदरांच्या सबफॉर्निकल इंद्रियातील उत्तेजक पेशी प्रकाशाने जाग्या केल्या. तृप्त उंदीर काही सेकंदांत पाणी पिऊ लागले, व तेथील दुसऱ्या जातीच्या पेशी जाग्या केल्या असता तहानलेले उंदीर पिण्याचे थांबले. ह्या उत्तेजक पेशींचे मुख्य पारेषक ग्लुटामेट आहे. सेकंदांत घडणारे हे कार्य ग्लुटामेटाचे असावे, हे उघड आहे. मग अँजिओटेन्सिनला कोणते काम उरले? फार तर सहपारेषकाचे : ग्लुटामेटाच्या झटपट निरोपास लांबणीवर टाकलेली, मिनिटभर रेंगाळणारी पुस्ती जोडण्याचे. किंग्स्टनच्या नोंदींतील प्रतिसाद दीर्घकाळ टिकणारा होता, हे या तर्काशी जुळते. परंतु ‘चेतापारेषक’ ह्या भारदस्त पदवीवरून ‘सहपारेषक असण्याचा संभव’ येथवर उतरणे म्हणजे पुस्तकी विधानातील निम्मी हवा निघून जाणे होय.

येथे परिभाषेविषयी थोडे विषयांतर अपरिहार्य आहे. स्टार्लिंग यांनी १९०५ साली हॉर्मोन हा शब्द रूढ केला तो ज्या ग्रीक धातूवरून, त्याचा अर्थ चेतविणे, गती देणे असा आहे. मराठीत विश्वकोशाने ‘हॉर्मोने’ असा शब्द ठेवला. पाठ्यपुस्तकांनी ‘संप्रेरक’ घडविला. सम् आणि प्र हे उपसर्ग व ईर् हा धातू. अर्थ पुन्हा गती देणारे, असाच. दोहोंपैकी कोणत्याही शब्दात रक्ताचा उल्लेख नाही. रक्त आपण व्याख्येत मागाहून घातले, आणि मग रक्ताबाहेर तेच द्रव्य दिसताच आश्चर्य करू लागलो. पारेषक ह्या शब्दात मात्र पार नेण्याची, म्हणजे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे पोहोचविण्याची कल्पना आहे. एक शब्द परिणाम सांगतो, दुसरा मार्ग सांगतो. दोन वेगळ्या प्रश्नांची ही उत्तरे एकाच रांगेत मांडून ‘हे की ते’ असे विचारणे मुळातच चुकीचे आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ही नामे नसून कारके आहेत. ‘राम’ हा कर्ता की कर्म हे शब्दकोश सांगत नाही, वाक्य सांगते. नॉरॲड्रेनॅलिन हे ह्याचे सर्वपरिचित उदाहरण. अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात सुटते तेव्हा ते संप्रेरक, आणि १९४६ साली फॉन ऑयलर यांनी दाखविल्याप्रमाणे अनुकंपी तंतूंच्या टोकाशी सुटते तेव्हा ते पारेषक. तेथे मात्र चेतापेशीतील निर्मितीपासून निरासापर्यंतचे प्रत्येक पाऊल दाखविले गेले आहे. अँजिओटेन्सिनने ती पदवी नॉरॲड्रेनॅलिनच्या ओळखीवर मिळवू नये. आपल्या विदर्भातच, नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकारे प्रभृतींनी मेंदूतील पेप्टाइडांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. तेव्हा हे प्रश्न परदेशी प्रयोगशाळांचे म्हणून दूर ठेवण्याचे कारण नाही.

आता सोनाळ्याच्या दक्षिणेकडील त्या वाक्याकडे परत येऊ. तहान दोन प्रकारची आहे, हे आपण शिकवितो आणि लगेच विसरतो. घाम, रक्तस्राव, जुलाब यांनी क्षार आणि पाणी दोन्ही गेली म्हणजे रक्ताचे आकारमान घटते, मूत्रपिंड रेनिन सोडते व अँजिओटेन्सिन वाढते. वैशाखात सातपुड्याच्या पायथ्याशी दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्याच्या तहानेत हा वाटा असतो. खारट पदार्थ वा खारे पाणी पोटात गेल्यावर लागणारी तहान वेगळी. तीत रक्तातील क्षारांची तीव्रता वाढते. मेंदूच्या त्याच उघड्या भागांतील तीव्रतामापक पेशी ती ओळखतात. आणि शरीरात मीठ पुरेसे झाल्याने मूत्रपिंड रेनिन सोडणे उलट कमी करते. खाऱ्या पाण्याच्या तहानेत रक्तातील अँजिओटेन्सिन उतरलेले असते. ज्या विद्यार्थ्याने खारपाणपट्ट्याची तहान अँजिओटेन्सिनच्या माथी मारली त्याचे गुण येथे कापावे लागतात.

तथापि नेमक्या ह्याच परिस्थितीत आपल्या प्रश्नाची खरी कसोटी दडलेली आहे, आणि ह्याकडे वाङ्मयात पुरेसे लक्ष वेधलेले दिसत नाही. क्षारवाढीच्या वेळी संप्रेरक म्हणून अँजिओटेन्सिन माघार घेते. त्याच वेळी मेंदूतील अँजिओटेन्सिनचे ग्राही रोखले असता काहीच फरक पडला नाही, तर ते केवळ संप्रेरक होते असे म्हणता येईल. फरक पडला तर रक्ताशिवाय दुसरा पुरवठा आहे असे मानणे भाग पडेल. १९९८ साली मेलबर्न येथील मथाई, मॅकिन्ली प्रभृतींनी मेंढ्यांच्या मस्तिष्क-विवरात तीव्र मिठाचे द्रावण सोडले. त्याने व्हॅसोप्रेसिन वाढते, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून मीठ बाहेर टाकले जाते. आधी तेथेच लोसार्टन हे ग्राहीरोधक दिले असता हे प्रतिसाद मावळले. पारेषकाच्या बाजूने प्रस्तुत लेखकास सर्वांत वजनदार वाटणारा पुरावा हाच. प्रतिपिंडाच्या रंगावर तो अवलंबून नाही, आणि रक्तातील अँजिओटेन्सिनवर त्याचा भार टाकता येत नाही. मात्र पुरवठा चेतापेशीच्या टोकातून होतो की आधारपेशींच्या भोवतालातून, हे तोही सांगत नाही.

‘पोट भरते, तहान जात नाही’ ह्या लोकोक्तीस अलीकडे एक अनपेक्षित दुजोरा मिळाला आहे. झिमरमन, नाइट व सहकाऱ्यांनी २०१६ आणि २०१९ साली उंदरांवर केलेल्या कामावरून असे दिसते की पिऊ लागताच, रक्तात काहीही बदल होण्यापूर्वी, सबफॉर्निकल पेशी शांत होऊ लागतात. घशाकडून आलेला हा पहिला, उतावीळ निरोप. नंतर आतड्याकडून द्रवाच्या तीव्रतेचा दुसरा निरोप येतो. प्यायलेले द्रावण शरीरद्रवाहून तीव्र असेल तर शांत झालेल्या पेशी पुन्हा चेततात. दिलासा मिळतो आणि काढून घेतला जातो. परंतु एक दुरुस्ती आवश्यक आहे. शरीरद्रवाशी समतुल्य मिठाचे द्रावण लिटरमागे सुमारे ९ ग्रॅमचे असते. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण ३५ ग्रॅमच्या आसपास जाते. लिटरमागे दोन-तीन ग्रॅम क्षार असलेले विहिरीचे पाणी चवीला नकोसे असले तरी शरीरद्रवाहून पातळच आहे; तहान त्याने भागते, फक्त गोड्या पाण्यापेक्षा अधिक प्यावे लागते व अधिक क्षार मूत्रपिंडांस बाहेर टाकावे लागतात. उंदरांचा निष्कर्ष खारपाणाच्या विहिरीवर जसाच्या तसा चिकटविणे म्हणजे ज्या दोषाबद्दल आपण पुस्तकांस नावे ठेवीत आहोत तोच करणे होय.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार दीर्घकाळ ऐकू येते. तिचा पाण्याशी नेमका कार्यकारणसंबंध काय हा येथील विषय नव्हे. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी होऊन कृत्रिम रक्तशुद्धीवर आयुष्य चालले आहे त्यास पाणी मोजून प्यावे लागते, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ही शिक्षा आहे. अशा रुग्णांची तहान रूपांतरक एंझाइमाचा रोध करणाऱ्या एनालाप्रिल ह्या औषधाने कमी होते, असा अनुभव १९८८ साली ओल्डनबर्ग व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला; नंतरच्या निरीक्षणांत एकवाक्यता आढळत नाही. ती का आढळत नाही, याचे एक संभाव्य उत्तर उंदरांच्या जुन्या प्रयोगांत आहे. कॅप्टोप्रिल हे त्याच वर्गातील औषध अल्प मात्रेत दिले असता उंदीर अधिक पाणी पितात आणि मोठ्या मात्रेत दिले असता कमी. अल्प मात्रेत रक्तातील रूपांतर थांबते, रेनिन उसळते, दहा अमिनो आम्लांची अपुरी साखळी साचते. ती सबफॉर्निकल इंद्रियाच्या सच्छिद्र वाहिन्यांतून आत झिरपते आणि तेथील, औषध न पोहोचलेल्या एंझाइमाच्या हाती पडून तेथेच अँजिओटेन्सिन बनते. मोठ्या मात्रेत औषधही तेथवर पोहोचते. म्हणजे रक्त, उघडी खिडकी आणि अडसराच्या आतला मेंदू ह्या तीन जागी एकाच औषधाचे तीन परिणाम संभवतात. आणि रुग्णाची तहान वाढेल की घटेल हे त्याच्या अँजिओटेन्सिनचा कोणता वाटा कोणत्या जागी तयार होतो यावर ठरेल.

त्यासाठी जो प्रयोग हवा तो अजून व्हावयाचा आहे : सबफॉर्निकल इंद्रियातील केवळ त्या पेशींतून, ज्यांचे तंतू पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रकाकडे जातात, पूर्वद्रव्याचे जनुक काढून टाकावे, आधारपेशींना हात लावू नये, उंदरास एकदा रक्तआकारमान घटवून आणि एकदा खारे पाणी पाजून तहानेले करावे, आणि दोन्ही वेळा केंद्रकातील पेशींचा तो रेंगाळणारा प्रतिसाद नोंदवावा. प्रतिसाद दोन्ही वेळा जसाच्या तसा राहिला तर किंग्स्टनचा निष्कर्ष मागे घ्यावा लागेल.